वजन घटविताना साखरेचा हिशेब

साखरेचा हिशेब ठेवणे ही महाराष्ट्रातील कुटुंबांना नवी गोष्ट नाही. शिधापत्रिकेवर मिळणारी मोजकी साखर महिनाअखेरपर्यंत पुरवावी लागे, त्या काळी घरोघरच्या गृहिणी हा हिशेब बिनचूक ठेवीत असत. पाहुणे किती येणार, सण कोणता आहे, दिवसाला चहा किती वेळा होणार, यांवर डब्यातील साखर बेतली जाई. तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यानंतरच्या दशकांत महाराष्ट्र साखर उत्पादनात देशातील अग्रेसर राज्यांपैकी एक झाला, आणि टंचाईचे ते दिवस मागे पडले. टंचाईबरोबर हिशेबही मागे पडला. आता तो पुन्हा मांडण्याची वेळ आली आहे, मात्र त्याचे कारण वेगळे आहे. पूर्वी डबा रिकामा होऊ नये म्हणून साखर मोजावी लागे. आता कंबरेचा घेर वाढू नये म्हणून ती मोजावी काय, असा प्रश्न विचारला जात आहे.

प्रश्न वरवर घरगुती वाटतो, परंतु त्यामागील परिस्थिती गंभीर आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने देशभर झालेल्या व्यापक पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी जवळजवळ ४० टक्के व्यक्तींच्या पोटाभोवती प्रमाणाबाहेर मेद साठलेला आढळला. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष वाजवीपेक्षा अधिक वजनाचे असल्याचे दिसून आले. स्थूलता हा केवळ शहरातील सुखवस्तू वर्गाचा विकार आहे, ही समजूत आता टिकणारी नाही.

कृश दिसणारा, तरी मेदयुक्त

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व बालके यांचा दीर्घकालीन अभ्यास केला. येथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम होते. आपली बालके वजनाने कमी आणि स्नायूंनी कृश असली, तरी त्यांच्या शरीरातील मेद त्या मानाने घटलेला नव्हता. पुढील आयुष्यातही भारतीय माणूस बाहेरून सडपातळ दिसत असताना त्याच्या पोटात मेद साठलेला असू शकतो.

याच कारणास्तव भारतीयांसाठी वजनाची मोजपट्टी अधिक कडक ठेवण्यात आली आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणारा अंक २३ च्या वर गेला की वजन अधिक, आणि २५ झाला की स्थूलता, असे मानले जाते. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ६४ किलोग्रॅम झाले की ती या मर्यादेला पोहोचते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे हेही धोक्याचे लक्षण होय.

दोन मते

वजन कमी करण्याचा निश्चय केलेल्या व्यक्तीला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला असा की, साखर हेच सर्व अनर्थाचे मूळ आहे. ती संपूर्ण वर्ज्य केली की वजन आपोआप उतरेल. दुसरा असा की, शरीराला केवळ एकूण उष्मांक कळतात. ते साखरेतून आले काय किंवा भाकरीतून आले काय, फरक पडत नाही, म्हणून साखरेची वेगळी नोंद ठेवण्याचे कारण नाही. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे आणि दोन्ही मते अपुरी आहेत.

प्रथम मूळ सिद्धान्त पाहू. अन्नातून मिळणारी ऊर्जा उष्मांकांत मोजतात. साखर व अन्य पिष्टमय पदार्थ यांच्या एका ग्रॅमपासून सुमारे ४, प्रथिनांपासून तितकेच, आणि तेल, तूप यांसारख्या स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमपासून सुमारे ९ उष्मांक मिळतात. शरीर जितकी ऊर्जा खर्च करते त्याहून अधिक ऊर्जा पोटात गेली तर शिल्लक मेदाच्या रूपाने साठते. कमी गेली तर साठविलेला मेद वापरला जातो. वजन घटविण्याची कोणतीही पद्धत याच जमाखर्चावर आधारलेली असते.

या संदर्भात अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात झालेला आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उद्बोधक आहे. ४२ स्थूल स्त्रियांचे दोन गट करून त्यांना सहा आठवडे सारख्याच कमी उष्मांकांचा आहार देण्यात आला. एका गटाच्या आहारातील ४३ टक्के ऊर्जा साखरेपासून मिळत होती. दुसऱ्या गटात हे प्रमाण केवळ ४ टक्के होते. सहा आठवड्यांनंतर दोन्ही गटांतील वजनाची घट जवळजवळ सारखीच आढळली. एकूण उष्मांक काटेकोरपणे बांधलेले असतील, तर साखरेमुळे वजनाची घट अडत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

तथापि प्रयोगातील व्यक्तीला प्रत्येक घास मोजून दिला जातो. संसारातील व्यक्तीचे तसे नसते. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. अन्य आहारावर बंधन न घालता प्रौढांना केवळ साखर कमी करण्यास सांगितले असता त्यांचे वजन सरासरी ०.८ किलोग्रॅमने घटले, आणि साखर वाढविली असता ते जवळजवळ तितकेच वाढले. मात्र साखर काढून तिच्या जागी तितक्याच उष्मांकांचे अन्य पिष्टमय पदार्थ दिले, तेव्हा वजनात फरक पडला नाही.

या दोन निष्कर्षांचा मेळ घातला की मूळ प्रश्नाचे उत्तर हाती येते. मेद वाढविण्याची काही अलौकिक शक्ती साखरेत नाही. परंतु जेथे सर्व अन्न मोजले जात नाही, तेथे साखर ही एकूण उष्मांक नकळत वाढविणारी सर्वांत सुलभ वाट आहे. म्हणून तिची नोंद ठेवणे उपयुक्त आहे. केवळ तिचीच नोंद ठेवणे मात्र पुरेसे नाही. आढाव्यातील घट एक किलोग्रॅमपेक्षाही कमी होती, हे विसरून चालणार नाही.

वेगळी नोंद कशासाठी?

साखरेला जमाखर्चाच्या वहीत वेगळा रकाना देण्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, साखरेतून ऊर्जेशिवाय दुसरे काहीही मिळत नाही. ज्वारीच्या भाकरीतून तंतुमय पदार्थ, प्रथिने व खनिजे मिळतात. डाळीतून, दुधातून, भाजीतून शरीराच्या जडणघडणीस आवश्यक असे काही ना काही मिळते. आहार कमी करावयाचा असतो तेव्हा जे काढल्याने शरीराचे नुकसान होणार नाही, ते प्रथम काढणे शहाणपणाचे होय. या कसोटीवर साखरेचा क्रमांक पहिला लागतो.

दुसरे कारण पेयांतील साखरेचे. घन पदार्थ खाल्ल्यावर माणूस पुढच्या जेवणात थोडा हात आखडता घेतो. गोड पेय प्याल्यावर मात्र भूक तशी कमी होत नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या एका छोट्या प्रयोगात १५ व्यक्तींना चार आठवडे दररोज ४५० उष्मांकांच्या साखरेच्या गोळ्या आणि नंतर चार आठवडे तितक्याच उष्मांकांचे गोड पेय, किंवा याच्या उलट क्रमाने, देण्यात आले. गोळ्या खाण्याच्या काळात त्यांनी अन्य अन्न आपोआप कमी केले. पेयाच्या काळात मात्र ते केले नाही व वजन वाढले. हे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. नेदरलँड्समधील ६४१ शाळकरी मुलांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाला दररोज २५० मिलिलिटर साखरयुक्त पेय आणि दुसऱ्याला तशाच चवीचे साखरविरहित पेय देण्यात आले. दीड वर्षात पहिल्या गटातील मुलांचे वजन सरासरी ७.४ किलोग्रॅमने, तर दुसऱ्या गटातील मुलांचे ६.४ किलोग्रॅमने वाढले. रोजच्या एका पेल्याने एका किलोग्रॅमचा फरक पडला. चहा, सरबत, उसाचा रस आणि बाटलीबंद शीतपेये यांच्याकडे आपण अन्न म्हणून पाहत नाही. आणि म्हणूनच त्यांची नोंद ठेवणे आवश्यक ठरते.

तिसरे कारण व्यावहारिक आहे. भाजीतील तेल, भाकरीतील पीठ किंवा ताटातील भात मोजणे कष्टाचे असते. साखर चमच्याने घातली जाते आणि किलोने विकत आणली जाते. आकडेमोडीची फारशी सवय नसलेल्या व्यक्तीलाही तिचा हिशेब ठेवता येतो. अमेरिकेत सुमारे १,७०० व्यक्तींवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसून आले की, आपल्या आहाराची दररोज नोंद ठेवणाऱ्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट घटले. लिहिण्याच्या निमित्ताने माणूस आपल्या सवयींकडे डोळसपणे पाहू लागतो, हा तिचा इत्यर्थ होय.

कोणती साखर मोजावी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार आहारातील एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा मुक्त शर्करेपासून मिळावी आणि शक्य तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्याही खाली आणावे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांतही ५ टक्क्यांचीच मर्यादा सुचविलेली आहे. दिवसाकाठी २,००० उष्मांक घेणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत ती २५ ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेले पाच लहान चमचे, इतकी होते.

मुक्त शर्करा म्हणजे पदार्थात वरून घातलेली साखर, तसेच मध, काकवी व फळांचा रस यांतील शर्करा. अखंड फळातील आणि दुधातील नैसर्गिक शर्करा यात मोडत नाही. पेरू, संत्रे किंवा पपई चावून खाल्ली असता तंतुमय भाग व पाणी यांमुळे पोट भरते आणि शर्करा सावकाश रक्तात जाते. म्हणून वजन घटविण्यासाठी फळे सोडण्याची आवश्यकता नाही. त्याच संत्र्यांचा रस काढला की मात्र तो हिशेबात धरावा लागतो.

गुळाविषयी आपल्याकडे विशेष गैरसमज आढळतो. साखर सोडून गुळाचा चहा सुरू केला म्हणजे पथ्य झाले, असे अनेकांना वाटते. गुळात खनिजांचा अल्प अंश असतो व त्याची चवही वेगळी असते, हे खरे. परंतु १०० ग्रॅम साखरेतून सुमारे ४०० उष्मांक मिळतात, तर तितक्याच गुळातून सुमारे ३८०. वजनाच्या दृष्टीने दोहोंत विशेष अंतर नाही. मधातून सुमारे ३२० उष्मांक मिळतात; पण ते मधातील पाण्याच्या अंशामुळे. साखर, गूळ व मध या तिहींची बेरीज एकाच रकान्यात करणे इष्ट.

हिशेबाच्या तीन रीती

पहिली रीत मासिक आणि कौटुंबिक आहे. माणशी दररोज २५ ग्रॅम म्हणजे महिन्याला ७५० ग्रॅम, अर्थात पाऊण किलो. चार माणसांच्या कुटुंबाला महिन्याला तीन किलो साखर व गूळ मिळून पुरावा. वाण्याच्या यादीवर पाच किलो साखर व एक किलो गूळ असेल, तर माणशी दररोज ५० ग्रॅम होतात, म्हणजे सुचविलेल्या मर्यादेच्या दुप्पट. बाहेर खाल्लेल्या मिठाईचा आणि बिस्किटांचा त्यात समावेशही नाही. या रीतीचा लाभ असा की तिच्यात सणवारांना जागा राहते. गुढीपाडव्याचे श्रीखंड किंवा होळीची पुरणपोळी त्या महिन्याच्या तीन किलोंत बसविता येते; त्यासाठी सणाच्या दिवशी मन मारण्याचे कारण नाही.

दुसरी रीत दैनंदिन आणि व्यक्तिगत. एखाद्या शिक्षकाचा उन्हाळ्यातील दिवस उदाहरणादाखल घेऊ. सकाळी दोन चमचे साखरेचा चहा आणि त्याबरोबर चार गोड बिस्किटे. शाळेत मधल्या सुटीत चहा. दुपारी पंचायतीच्या बैठकीत चहा. संध्याकाळी घरी चहा. परतताना स्थानकावर २०० मिलिलिटर शीतपेय. चहाच्या चार कपांत ४० ग्रॅम, बिस्किटांत सुमारे ५ ग्रॅम आणि शीतपेयात, १०० मिलिलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम या दराने, सुमारे २१ ग्रॅम. एकूण ६६ ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे २६४ उष्मांक. आणि तरीही त्या दिवशी आपण गोडधोड काहीच खाल्ले नाही, असे तो शिक्षक प्रामाणिकपणे सांगू शकेल. त्याने प्रत्येक कपातील एक चमचा कमी केला आणि शीतपेयाऐवजी पाणी घेतले, तर ४१ ग्रॅम वाचतात व बेरीज २५ ग्रॅमवर येते.

तिसरी रीत वेष्टन वाचण्याची. बंद पाकिटांवर पोषणतक्ता छापणे कायद्याने आवश्यक असून, २०२० च्या नियमांनुसार त्यात एकूण शर्करा आणि वरून घातलेली शर्करा वेगवेगळी द्यावी लागते. येथे एका बाबीकडे लक्ष वेधणे जरूर आहे. वेष्टनावर दिली जाणारी टक्केवारी दिवसाला ५० ग्रॅम साखर हे प्रमाण धरून काढलेली असते. तेथे २० टक्के असे छापलेले असेल, तर त्याचा अर्थ १० ग्रॅम साखर असा होतो. २५ ग्रॅमची मर्यादा पाळू इच्छिणाऱ्यासाठी ते ४० टक्के होत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज यांपैकी नावे यादीच्या आरंभी असतील, तर तो पदार्थ मुख्यत्वे साखरेचा आहे, असे समजावे.

ही नोंद जन्मभर ठेवण्याची गरज नाही. दोन आठवडे प्रत्येक चमचा लिहून काढला की आपली साखर कोठून येते हे कळून चुकते. त्यानंतर त्या दोन-तीन ठिकाणीच बदल करावा आणि काही महिन्यांनी पुन्हा आठवडाभर नोंद करून पडताळा घ्यावा. प्रत्येक घासाची भीती वाटू लागणे हे आरोग्याचे लक्षण नव्हे.

हिशेबाच्या मर्यादा

उपरोक्त शिक्षकाने दररोज १६४ उष्मांक वाचविले. एक किलोग्रॅम मेदात सुमारे ७,७०० उष्मांक असतात, हे लक्षात घेता महिन्याला ६०० ग्रॅमच्या आसपास वजन घटावे. हा कागदावरचा हिशेब झाला. वजन उतरू लागले की शरीराचा खर्चही थोडा कमी होतो व घट मंदावते. शिवाय हेच १६४ उष्मांक सुमारे १८ ग्रॅम तेलात, म्हणजे चार लहान चमच्यांत, असतात. बिनसाखरेच्या चहाबरोबर एक वडापाव खाल्ला की सर्व बचत संपुष्टात येते. म्हणून साखरेच्या रकान्याशेजारी तेलाचा रकाना असलाच पाहिजे. तेलाचा मासिक खपही साखरेप्रमाणेच माणशी काढता येतो.

साखरविरहित असे छापलेल्या बिस्किटांत मैदा व स्निग्ध पदार्थ असतातच. कृत्रिम गोडी आणणाऱ्या पदार्थांचा वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून वापर करू नये, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली केली. ही सूचना मधुमेही नसलेल्यांसाठी आहे. गोडीची सवय कायम ठेवून साखर टाळण्यापेक्षा ती सवयच हळूहळू कमी करणे अधिक टिकाऊ ठरते. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी केला, तर जिभेला फारसे जाणवतही नाही.

साखर व पिष्टमय पदार्थ एकदम कमी केल्यास पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते. त्यात मोठा भाग स्नायू व यकृत यांतील साठविलेल्या शर्करेबरोबर असणाऱ्या पाण्याचा असतो. त्यामुळे हुरळून जाऊ नये, आणि पुढे घट मंदावल्यावर निराशही होऊ नये. वजनाबरोबर महिन्यातून एकदा कंबरेचा घेर मोजणे हा अधिक विश्वसनीय मार्ग होय.

कोणी सावध राहावे?

एका गोष्टीचा विवेक लोकशिक्षणाचे काम करणाऱ्यांनी अवश्य राखावा. ज्या गावात काही घरी स्थूलता आहे, त्याच गावात अन्य घरी कुपोषण असते. पहाटेपासून फडात राबणारा ऊसतोड कामगार सकाळी जो गोड चहा घेतो, त्यातील ऊर्जा दुपारपर्यंत कोयत्याच्या कामी खर्च होते. त्याला साखर मोजण्याचा उपदेश करणे अप्रस्तुत ठरेल. त्याला अधिक सकस अन्न मिळावे, ही त्याची गरज आहे. गर्भवती व स्तनदा मातांनी आणि वाढत्या वयाच्या मुलांनी वजन घटविण्याचा आहार स्वतःच्या मताने सुरू करू नये. मुलांच्या बाबतीत शीतपेये व पाकिटबंद खाऊ कमी करणे आणि खेळ वाढविणे एवढेच योग्य. इन्सुलिन किंवा रक्तातील साखर उतरविणारी औषधे घेणाऱ्या मधुमेहींनी आहारात मोठा बदल करण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेतलाच पाहिजे. अन्यथा रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याचा संभव असतो.

शाळा, कार्यालय आणि ग्रामपंचायत

व्यक्तीने घरात ठेवलेला हिशेब सार्वजनिक व्यवहारात मोडला जाणार असेल, तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो. दिवसातील निम्मा चहा अनेकांना कार्यालयात, बैठकीत आणि दुसऱ्याच्या घरी घ्यावा लागतो. तेथे साखर आधीच घातलेली असते आणि नको म्हणणे शिष्टाचाराला सोडून होते. २०२५ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्याशी संलग्न शाळांना साखरेविषयी माहिती देणारे फलक लावण्याची सूचना केली. त्याच वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांतही तेल व साखर यांविषयीचे फलक लावावेत, असे सुचविले. फलक हा आरंभ होय. त्यापुढची पावले स्थानिक पातळीवर, फारसा खर्च न करता टाकता येण्यासारखी आहेत.

ग्रामपंचायतीच्या व पंचायत समितीच्या बैठकांत चहा बिनसाखरेचा करून साखर वेगळ्या भांड्यात ठेवता येईल. ज्याला जितकी हवी तितकी त्याने घ्यावी. बिस्किटांऐवजी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे किंवा हंगामातील फळ देता येईल. प्राथमिक शाळेत सहावी-सातवीचे विद्यार्थी गणिताच्या तासाला आपल्या घरच्या महिन्याच्या साखरेला माणसांच्या संख्येने व दिवसांनी भागून माणशी ग्रॅम काढू शकतील; रिकाम्या पाकिटांवरील तक्ते वाचणे हा विज्ञानाचा पाठ होऊ शकेल. मात्र कोणत्याही मुलाच्या घरचा आकडा अथवा त्याचे वजन वर्गात जाहीर करून त्याला लाजविले जाणार नाही, याची दक्षता शिक्षकांनी घ्यावी. तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह व रक्तदाब यांसाठी तपासणी करण्याची सोय शासकीय आरोग्य केंद्रांत आहे. ग्रामसभेच्या दिवशी आशा कार्यकर्तीच्या मदतीने एक मोजपट्टी व एक वजनकाटा ठेवला, तर त्या तपासणीकडे अनेक पावले वळतील.

ऊस पिकविणाऱ्या राज्यात साखर कमी खाण्याची भाषा करणे विसंगत आहे, अशी शंका काहींच्या मनात येईल. परंतु ज्या शेतकऱ्याच्या घामातून ही साखर निर्माण होते, त्याच्याही घरी मधुमेहाचा रुग्ण असतो. त्याच्या औषधांचा खर्च त्याच उसाच्या पैशातून जातो. ऊस उत्पादकाचे हित आणि त्याचे आरोग्य यांपैकी एकच निवडावे लागेल, असे मानण्याचे कारण नाही. उसापासून इथेनॉल व वीजही तयार होते आणि कारखान्याचे उत्पन्न केवळ साखरेच्या पोत्यांवर अवलंबून राहिलेले नाही.

सारांश, वजन घटविताना साखरेचा हिशेब ठेवावा. तो सोपा आहे, त्याला पैसा लागत नाही, आणि त्यातून पुढील मोठ्या हिशेबाची, म्हणजे एकूण आहाराची, सवय लागते. मात्र साखर सोडली म्हणजे सर्व झाले, असे मानू नये; तेल, धान्य, शारीरिक श्रम व झोप यांचा विचार त्याबरोबर करावा. टंचाईच्या काळात गृहिणींनी जी दक्षता सक्तीने पाळली, तीच आता समजून-उमजून पाळावयाची आहे. त्यासाठी या महिन्याच्या वाणसामानाच्या यादीतील साखर व गूळ यांच्या आकड्यांची बेरीज करून तिला घरातील माणसांच्या संख्येने भागावे. उत्तर पाऊण किलोपेक्षा किती अधिक येते, हे पाहिले की पुढील महिन्याची यादी कशी असावी, हे प्रत्येक कुटुंबाला स्वतःच ठरविता येईल.